हे पुडकं माझं आहे

"थ्रेटन्ड अबॉर्शन," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या सासूबाई अर्ध्या उठल्याच.

"अबॉर्शन? नाही नाही मॅडम, आम्हाला नाही करवायचं काही अबॉर्शन-वबॉर्शन. पहिलटकरीण आहे ती."

मॅडमनी त्यांना हातानेच बसायला सांगितलं. "काकू, करायचं कोणी म्हणत नाहीये. आमच्या भाषेत आपोआप गर्भ पडतो त्यालाही अबॉर्शनच म्हणतात. थ्रेटन्ड म्हणजे धोका आहे, पण झालेलं नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या. गर्भाशयाचं तोंड बंद होतं. आत पिशवी होती, पिशवीत अंकुर होता आणि त्या अंकुराला ठोके होते. ठोके जरा मंद होते. पिशवीच्या कडेला रक्त साठलं होतं, त्याला सबकोरिऑनिक ब्लीड म्हणतात, म्हणजे गर्भाची पिशवी आणि गर्भाशयाची भिंत यांच्या मधे झालेला रक्तस्राव. "राहू शकतं, जाऊही शकतं," मॅडम म्हणाल्या. "आज मला सांगता येणार नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू."

ज्या कोणाला आज सकाळी कपड्यावर लाल डाग दिसला असेल, पोटात पाळीसारखी कळ येत असेल आणि जी बाथरूमचं दार लावून मोबाइलवर हे शोधत असेल, तिच्यासाठी मी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. इंदूरबाहेर सिमरोलजवळच्या एका मोठ्या संस्थेच्या ग्रंथालयात काम करते. पण त्या दिवशी मी मराठीत शोधलं तेव्हा मला एक तर पपई खाऊ नका सापडलं, नाहीतर देवाचा धावा सापडला. दोन्हीचा उपयोग झाला नाही.

पहिला डाग ग्रंथालयातच दिसला होता. गुलाबी, रुपयाएवढा. त्याआधी सकाळपासून कंबर भरून आली होती, पण बसमध्ये बसून तसं होतंच, म्हणून दुर्लक्ष केलं. मी मल्हारगंजातून स्कूटरवर नवलख्यापर्यंत जाते आणि तिथून संस्थेची बस पकडते. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे या स्कूटरवर आणि या बसवर खटलाच चालला.

दुपारपर्यंत गुलाबीचं लाल झालं. ओटीपोटात कळा यायला लागल्या, पाळीच्या दुसऱ्या दिवशी येतात तशाच. सुहासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फोन केला. त्याचं इन्व्हर्टर आणि बॅटरीचं दुकान आहे. दुकान तसंच टाकून तो गाडी घेऊन सिमरोलला आला आणि पूर्ण रस्ताभर एकच वाक्य बोलत होता, "तू बस टेन्शन नको घेऊ यार, सब ठीक होऊन जाईल." त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. टेन्शन कोणाला आलं होतं ते दिसतच होतं.

वाटेत घरून सासूबाईंना घेतलं. हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये सगळ्या पोट पुढे आलेल्या बायका होत्या. माझं पोट सपाट, आणि मी मांड्या आवळून बसलेली. भिंतीवर गुबगुबीत बाळांचे फोटो होते. ज्यांना रक्त जातंय त्यांना बसायला वेगळी जागा का नसते, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि अजूनही पडतो. कोणत्याही हॉस्पिटलवाल्याने हे वाचलं तर एक पडदा लावावा, बस. जास्त मागत नाहीये.

सुरुवातीच्या आठवड्यांत पोटावरून सोनोग्राफी केली तर नीट दिसत नाही, म्हणून टीव्हीएस करतात. ट्रान्सव्हजायनल सोनोग्राफी, म्हणजे एक बारीक नळीसारखं यंत्र योनीमार्गातून आत घालून बघतात. दुखत नाही. लाज वाटते, तीही पहिल्या मिनिटापुरती. माझ्या मनात भीती होती की रक्त जात असताना असं काही आत घातलं तर उरलंसुरलंही जाईल. तसं होत नाही. मी विचारून घेतलं होतं, तुम्हीही विचारा.

यंत्र चालवणारे डॉक्टर तोंडातून शब्द काढत नव्हते. मी छताकडे बघत पडले होते. "ठोके आहेत का?" मी विचारलं. ते म्हणाले, "मॅडम बताएंगी." त्या दोन शब्दांनंतर मॅडमच्या केबिनपर्यंत जो बोळ होता तो मी कसा चालले मला आठवत नाही. ठोके आहेत हे मॅडमनी सांगितलं तेव्हा मी रडले. मंद आहेत हे त्यांनी पुढच्याच वाक्यात सांगितलं, तरी मी आधीच्याच वाक्यासाठी रडत राहिले.

माझा रक्तगट पॉझिटिव्ह आहे, म्हणून इंजेक्शन लागलं नाही. तुमचा निगेटिव्ह असेल तर रक्त जायला लागल्या-लागल्या डॉक्टरांना सांगा, अँटी-डी नावाचं इंजेक्शन द्यायचं की नाही ते डॉक्टरच ठरवतात. मला प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या. ते गर्भ टिकवायला मदत करणारं हार्मोन. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की गोळी म्हणजे हमी नव्हे. एका तासात पॅड पूर्ण भिजलं, चक्कर आली, ताप आला, पोटात एकाच बाजूला किंवा खांद्यात जोराने दुखलं तर थांबायचं नाही, सरळ यायचं.

"आणि बेड रेस्ट?" मी विचारलं.

"पडून राहिल्याने गर्भ टिकतो असं काही नाही," मॅडम म्हणाल्या. "थकवा वाटला तर आराम करा. नाहीतर रोजचं चालू द्या. जड उचलू नका, संबंध टाळा. रक्त किती जातंय, कसं जातंय याच्यावर लक्ष ठेवा."

हे सासूबाईंनी माझ्याच शेजारी बसून ऐकलं. माझ्यासमोर ऐकलं. आणि घरी आल्यावर त्यांनी काय केलं? गच्चीवरून चार विटा आणवल्या आणि माझ्या पलंगाच्या पायथ्याखाली लावल्या. पाय वर, डोकं खाली. म्हणजे गर्भ घसरणार नाही.

"आई, मॅडम काय म्हणाल्या ऐकलंत ना?"

"त्या म्हणतात ते म्हणू दे. त्या नवीन आहेत. तू बस लेटून रहा नं. पाणी पण मी आणून देते."

माझ्या सासूबाई वाईट नाहीत, हे इथेच लिहून टाकते, नाहीतर तुम्ही त्यांना टीव्हीवरच्या सासूत जमा कराल. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. मला दिवस गेलेत हे कळल्यापासून त्या माझ्यासाठी रोज सकाळी स्वतः पोहे करायच्या, वरून भुरभुरायचा जिरावण मसाला कमी घालून. फक्त त्यांचे नियम पक्के. त्यातला पहिला नियम, तीन महिने पूर्ण होईपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही. माझ्या आईबाबांना फक्त सांगितलं होतं, तेही त्यांना नाइलाजाने चाललं. बाकी सगळीकडे मी आपली 'जरा थकलीये' होते.

आता गल्लीचं सांगते. इंदूरबाहेरच्या वाचकाला हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आमच्याकडे कचरा वेगवेगळा करणं हा नियम राहिलेला नाही, ती घराची इज्जत झालीये. सकाळी भोंग्यावर गाणं वाजवत गाडी येते. ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, आणि पॅड, डायपर, जखमेच्या पट्ट्या अशा गोष्टींचा खण वेगळा. आमच्या गल्लीत या कामाच्या स्वयंघोषित मास्तरीणबाई म्हणजे माझ्या सासूबाई. समोरच्या घरातून कोणी केळ्याच्या सालींबरोबर दुधाची पिशवी टाकली की या गॅलरीतून ओरडणार, "बेटा, थैली सूखे में!" शिकवायची सवय सुटत नाही.

आजारपणाच्या आधी माझ्या पाळीचे पॅड मीच वेगळ्या पिशवीत खाली द्यायचे. आता सासूबाई म्हणाल्या, "तू जिना उतरू नकोस, मी देत जाईन." मला माया वाटली. खरंच वाटली.

सोनोग्राफीनंतरचा आठवडा संपत आला होता. रक्त कमी झालं होतं, लालचं तपकिरी झालं होतं. तपकिरी म्हणजे जुनं, साठलेलं रक्त बाहेर येतंय, असं मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या. मी उलट्या उतरणीच्या पलंगावर उताणी पडून वैतागले होते, म्हणून उठून गॅलरीत आले. खाली गाडी उभी होती. गाडीवरच्या दीदीच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं होतं, त्याला दुधीच्या साली चिकटलेल्या.

"अम्माजी, ये गीले में क्या निकला? ये तो अलग जाता है ना?"

आख्ख्या गल्लीसमोर. दुसऱ्या कोणाला नाही, सासूबाईंना.

सासूबाईंचा चेहरा मला वरून दिसत नव्हता, पण मान ताठ झालेली दिसली. "हमारा नहीं है वो," त्या म्हणाल्या. "ऊपर से किसी ने डाल दिया होगा."

आमच्या घराच्या वर फक्त पाण्याची टाकी आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासूबाई आठवडाभर माझे पॅड ओल्या कचऱ्यात, सालींच्या खाली दडवून देत होत्या. का? कारण गल्लीतल्या बायकांना डोळे आहेत. मी स्कूटर काढत नाही, जिना उतरत नाही, म्हणजे दिवस गेलेत, हा हिशेब त्यांनी केव्हाच केला होता. आता आमच्या घरातून पॅडची पिशवी निघाली तर दुसरा हिशेब होणार. घरात पाळी येणारी बाई एकच, मी. जी बाई एरवी दुधाच्या पिशवीवरून गल्ली डोक्यावर घेते तिने माझं रक्त लपवायला स्वतःचा धर्म मोडला होता.

समोरच्या कांता भाभी दाराच्या चौकटीला टेकून बघत होत्या. अजून दोघी-तिघी डबे हातात धरून थांबल्या होत्या. भोंगा तेवढा वाजत होता.

मला इतका राग आला की कळ आली की नाही तेही मला समजलं नाही. राग सासूबाईंवर कमी होता. माझ्या पोटात काहीतरी जगू की मरू करत होतं, आणि त्याची खूण दुधीच्या सालींत लपवावी लागावी, असं मी काय केलं होतं? चोरी केली होती? कोणाचा खून केला होता?

मी जिना उतरले. कठड्याला धरून, सावकाश, पण उतरले.

"दीदी, वो मेरा है," मी म्हटलं. "मैं पेट से हूँ और खून जा रहा है. इलाज चल रहा है. कल भी निकलेगा, और कल से अलग ही मिलेगा."

दीदीने पुडकं माझ्याकडे बघत मागच्या खणात टाकलं. "ठीक है दीदी. आप ऊपर जाओ, आराम करो," म्हणाली आणि पुढच्या दारी गेली. बस, एवढंच झालं. आभाळ कोसळलं नाही.

घरात आल्यावर मात्र कोसळलं.

"अक्कल गहाण टाकलीस का?" सासूबाईंनी दार लावून घेतलं. "तीन महिने व्हायच्या आत असं भर चौकात बोलतात? दृष्ट लागते!"

"आई, रक्त आठवड्यापासून जातंय. कोणाला सांगितलं नव्हतं तेव्हापासून. दृष्ट लागायची ती न सांगताच लागली."

"नाक कापलंस गल्लीत."

"नाक जागेवर आहे. आणि त्या विटा काढा, माझं डोकं दुखतंय."

विटा त्यांनी काढल्या नाहीत. मी काढल्या, एकेक करून, जड काही उचलू नका हे लक्षात ठेवून पायाने सरकवत. दोन दिवस आमच्यात अबोला होता. पोहे मात्र रोज आले. झाकलेले, न बोलता ठेवलेले.

सुहास संध्याकाळी दुकानातून आला तेव्हा त्याला सगळं आधीच माहीत होतं. गल्लीच्या तोंडाशीच कोणीतरी सांगितलं होतं. तो माझ्याजवळ बसला. "तू बरोबरच केलं," म्हणाला, "पण यार, जरा धीरे बोलली असतीस."

त्यानंतर गल्ली घरी यायला लागली. एकीने सांगितलं, स्कूटरच्या गचक्यांनी झालं. दुसरी म्हणाली, मागच्या महिन्यात सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेले गराडू खाल्ले होते ना तुम्ही, तेच उष्ण पडलं. तिसरीच्या मते ऑफिसातला एसी. कांता भाभींनी जिन्याला दोष दिला, तोही स्वतः धापा टाकत तोच जिना चढून येऊन. या सगळ्या कारणांनी गर्भ पडत असता तर इंदुरात एक मूल जन्माला आलं नसतं. मी प्रत्येकीला चहा दिला आणि प्रत्येकीला तेच सांगितलं, डॉक्टर म्हणतात असं काही नसतं. एकीचंही समाधान झालं नाही. मला काय करायचंय? मला फक्त हे हवं होतं की जे बोलायचं ते माझ्या तोंडावर बोला.

सोमवारी मी कामावर गेले. स्कूटर नाही, तेवढं सुहासचं ऐकलं; तो नवलख्यापर्यंत सोडायचा. पुस्तकं उचलायचं काम सहकाऱ्यांनी घेतलं. मी बसून नोंदी करायचे. दर थोड्या वेळाने बाथरूममध्ये जाऊन बघायचे. कोरडं असलं की हलकं वाटायचं, डाग असला की तो कालच्यापेक्षा मोठा आहे का ते ताडून बघायचे. या दिवसांत माणसाला दुसरं काहीच सुचत नाही, आणि ते ठीक आहे. 'पॉझिटिव्ह विचार कर' म्हणणाऱ्यांना सांगा की तुमच्या विचारांनी गर्भ टिकत नाही आणि पडतही नाही. मी रोज भीतीने अर्धी होत होते, तरी काम करत होते. शूरपणा वगैरे काही नव्हता. घरात पडून छत बघण्यापेक्षा ते बरं होतं.

मला ते मूल हवं होतं. हे सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं. मी भांडत होते, विटा सरकवत होते, टोमणे मारत होते, पण प्रत्येक क्षणी मला ते हवंच होतं.

दुसऱ्या सोनोग्राफीला सासूबाईही आल्या. बोलणं नव्हतं, पण गाडीत मागे येऊन बसल्या. या वेळी यंत्र चालवणारे डॉक्टर तसेच गप्प होते, फक्त जास्त वेळ गप्प होते. मी विचारलं नाही. त्यांनी पडदा माझ्यापासून जरा वळवला, तेव्हाच मला कळलं.

"ठोके नाहीयेत," मॅडम म्हणाल्या. त्यांनी फिरवून-फिरवून सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. "दिवसांप्रमाणे तुम्हाला नववा आठवडा लागलाय, पण वाढ सात आठवड्यांवर थांबलीये. याला मिस्ड अबॉर्शन म्हणतात. गर्भ आत थांबलाय, शरीराने अजून बाहेर टाकलेला नाही. मला खूप वाईट वाटतंय."

पुढे तीन मार्ग असतात, ते मी नीट ऐकून घेतले. आपोआप पडायची वाट बघायची. गोळ्यांनी गर्भाशय आकसवून पाडायचं. किंवा छोट्या प्रक्रियेने आतलं ओढून काढायचं, त्याला सक्शन म्हणतात. तिन्ही चालतात, निर्णय बाईचा. उद्या सांगते म्हटलं आणि बाहेर पडलो.

गाडी सुरू झाली. सुहास समोर बघत होता. हळूच, मला दुखवायचं नाही अशा आवाजात, त्याने विचारलं, "सिमरोलला जाणं बंद केलं असतं तर?"

त्या पूर्ण आजारपणात मला सर्वांत जास्त दुखलं ते हे. कळांपेक्षा जास्त. गल्लीने विचारलं, मी चहा पाजला. यानेच विचारावं?

"गाडी थांबव," मी म्हटलं. "वापस घे."

"अगं, सॉरी, मी बस असंच..."

"वापस घे म्हटलं ना. हा सवाल मला नको विचारू, डॉक्टरला विचार. माझ्यासमोर विचार. घरी नेऊन आयुष्यभर मनात ठेवशील, मला नाही चालणार."

आम्ही तिघं पुन्हा केबिनमध्ये गेलो. नर्स अडवत होती, मी ऐकलं नाही. सुहास मान खाली घालून उभा राहिला आणि त्याने विचारलं. माझ्या नवऱ्याचं मला त्या क्षणी कौतुकही वाटलं. लाज वाटत होती तरी त्याने शब्द गिळले नाहीत.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बसने नाही, स्कूटरने नाही. जिना, काम, खाणं, यातल्या कशाने नाही. इतक्या लवकर गर्भ थांबतो तेव्हा बहुतेक वेळा क्रोमोसोममध्ये चूक झालेली असते. क्रोमोसोम म्हणजे पेशीतले ते धागे, ज्यांच्यावर मूल कसं घडायचं ते ठरतं. ते जुळताना काहीतरी चुकतं. ही चूक पहिल्याच दिवशी झालेली असते, तेव्हा तुम्हाला दिवस गेलेत हेही माहीत नसतं. मानसी पूर्ण वेळ पलंगावर असती तरी हेच झालं असतं."

सुहासने मान हलवली. मग, मला वाटलं आता संपलं, तर मागून सासूबाईंचा आवाज आला.

"मी विटा लावल्या होत्या पलंगाला. डोकं खाली झालं होतं तिचं. त्याने तर नाही ना?"

"नाही काकू. विटांनी काही सुधारलं नाही, काही बिघडलंही नाही."

"आणि ती सगळ्यांच्या समोर बोलली, त्याने?"

"त्यानेही नाही."

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बरं." एवढे दिवस त्या विटांचा धाक मनात घेऊन माझ्यासाठी पोहे करत होत्या, हे मला तिथे कळलं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

मी गोळ्या निवडल्या. हॉस्पिटलमध्येच, देखरेखीखाली. खरं सांगते, कारण मला कोणी खरं सांगितलं नव्हतं: दुखतं. पाळीसारखं नाही, पाळीच्या कितीतरी पट. वेदनाशामक मागा, लाजू नका, मी दोनदा मागितलं. गाठी पडतात. एक क्षण असा येतो की कळतं, हे ते आहे. मी बघितलं. बघायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, कोणी जबरदस्ती करू नये, कोणी अडवूही नये. मला बघायचं होतं. त्यानंतर मी खूप रडले आणि मग झोपले.

पुढे काही दिवस रक्त जात राहिलं, ते अपेक्षितच असतं. छातीत दूध आल्यासारखं जड वाटत राहिलं. शरीराला बातमी उशिरा पोहोचते. पुन्हा सोनोग्राफी करून गर्भाशय रिकामं झाल्याचं बघितलं. 'रिकामं, छान,' असं यंत्रवाले डॉक्टर म्हणाले. पहिल्यांदाच आपणहून काही बोलले आणि तेही हे. मी त्यांना म्हटलं, "छान नका म्हणू, सर." ते चपापले आणि सॉरी म्हणाले. सांगावं लागतं, त्याशिवाय लोकांना कळत नाही.

घरी आल्यावर सुहासच्या ग्वाल्हेरच्या आत्यांचा फोन आला. सासूबाई खिडकीजवळ उभ्या राहून बोलत होत्या. "मानसीला ना, टायफा..." म्हणाल्या आणि थांबल्या. खिडकी उघडी होती. खाली कांता भाभी ओट्यावर वाटाणे सोलत बसल्या होत्या, आणि त्यांना खरं माहीत होतं. सासूबाईंनी घसा साफ केला. "दिवस गेले होते तिला," त्या म्हणाल्या. "राहिलं नाही." त्यांच्या तोंडून ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला टायफॉइड झाला असता तर सहानुभूती जास्त मिळाली असती, हे मला ठाऊक आहे. पण मग मी रडले असते कशासाठी? तापासाठी?

म्हणूनच सांगते, लपवू नका. लोक मूर्खासारखं बोलतील, बोलू द्या. पण गर्भ राहिला नाही तर तुम्हाला खोटा आजार शोधावा लागणार नाही. ज्याचं दुःख आहे त्याच्याच नावाने रडता येईल. आणि कारण शोधणारे घरातले असतील तर त्यांना डॉक्टरसमोर उभं करा. प्रश्न त्यांचा आहे, उत्तर तुम्ही का द्यायचं?

मॅडमचे आभार मानते. सुहासचे मानते, प्रश्न विचारल्याबद्दलही. ग्रंथालयातल्या सहकाऱ्यांचे मानते, ज्यांनी मी परत गेल्यावर 'कशी आहेस' विचारलं आणि उत्तर पूर्ण ऐकलं.

आता एक शेवटची गोष्ट. मला पुन्हा दिवस गेलेत. तीन महिने झालेले नाहीत, व्हायला बरेच आठवडे आहेत. काल जरासा डाग दिसला. हे राहील की नाही मला माहीत नाही, मॅडमनाही माहीत नाही. तुम्हाला आजच सांगतेय, कारण हे आज आहे.

आज सकाळी सासूबाई आणि मी हॉस्पिटलमध्ये गेलो. सुहास दुकान उघडून नंतर येणार होता. काउंटरवर नवीन मुलगी होती. नाव, वय, रक्तगट विचारून झाल्यावर तिने विचारलं, "पहली प्रेगनेंसी है?"

"दूसरी," मी म्हटलं.

"पहला बच्चा कितने साल का है?"

"वो नहीं रहा. सात हफ्ते का था."

मुलगी गोंधळली, मान खाली घालून काहीतरी टाइप करायला लागली. वेटिंग रूममधल्या दोन-तीन माना वळल्या. माझ्या शेजारी उभ्या सासूबाई काउंटरवर हात टेकून पुढे झुकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सात नहीं बेटा. नौवाँ लग गया था. नौवाँ लिखो."